पी-३०५ बार्ज दुर्घटना

पी-३०५ बार्ज दुर्घटना : तौक्ते चक्रीवादळात १७ मे २०२१ रोजी मुंबईच्या नैर्ऋत्येला, हिरा तेलक्षेत्राजवळ घडलेली जहाजबुडी. पी-३०५ (पापा-३०५) हा तेलक्षेत्रात काम करणाऱ्या कामगारांच्या निवासाचा बार्ज. त्यावर २६१ माणसे होती, त्यांतली १८६ वाचली. त्याच वादळात वरप्रदा हा टग (दुसरी जहाजे ओढणारी बोट) बुडाला आणि त्यावरच्या १३ जणांपैकी दोघेच जिवंत हाती लागले. दोन्ही मिळून ८६ जीव गेले.

१९७४ मध्ये सागर सम्राट या जहाजाने मुंबईपासून दूर भर समुद्रात तेल शोधले. तेव्हापासून मुंबई हाय आणि आसपासच्या तेलक्षेत्रांत समुद्रातून तेल काढण्याचे पोलादी फलाट उभे राहत गेले. त्यांची डागडुजी, वेल्डिंग, रंगकाम, नळांची जोडणी ही कामे समुद्र शांत असताना उरकावी लागतात. पावसाळा तोंडावर आला की मे महिन्यात कामाची घाई होते, आणि अरबी समुद्रात चक्रीवादळे उठण्याचा एक काळही नेमका हाच असतो. कामगार फलाटावर राहत नाहीत. शेजारी नांगरलेल्या बार्जवर त्यांचे झोपणे-जेवणे असते. पी-३०५ वर ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या कामासाठी कंत्राटदार कंपनीने ठेवलेली माणसे होती. त्यांत अनेक जण परराज्यांतून पोटासाठी आलेले.

बार्ज म्हणजे जहाज नव्हे, हे इथे नीट ध्यानात घ्यायला हवे. पी-३०५ ला स्वतःच्या बळावर चालवणारे इंजिन नव्हते. त्याला टगने ओढून न्यावे लागे आणि जागेवर धरून ठेवत ते चहूबाजूंनी टाकलेले नांगर. वर खोल्यांचे मजले असल्यामुळे वारा अशा बार्जला भिंतीसारखा ढकलतो. प्रत्येक लाटेबरोबर नांगराच्या तारेला हिसका बसतो. एक तार तुटली की तिचा भार उरलेल्या तारांवर पडतो आणि मग एकामागून एक नांगर सुटत जातात. इंजिन असलेले जहाज वादळात निदान लाटेला नाक देऊन उभे राहू शकते. बार्जला तेवढेही करता येत नाही. त्यामुळे वादळ येण्याआधी, टग ओढू शकतील अशा समुद्रात तो बंदरात आणणे हाच खरा बचाव.

तौक्ते हे नाव म्यानमारने सुचवलेले; त्याचा अर्थ पालीच्या जातीचा एक सरडा. हवामान विभागाचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते, बंदरांवर धोक्याचे बावटे चढले होते, मच्छीमारांना माघारी बोलावले जात होते. १७ मे रोजी वादळ मुंबईच्या पश्चिमेकडून उत्तरेला सरकले, तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला. किनाऱ्यावर ही गत, मग उघड्या समुद्रावर काय असेल! त्याच रात्री वादळ दीवजवळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढले.

पी-३०५ बंदरात आला नव्हता. फलाटापासून थोडा दूर सरकवून त्याला तेलक्षेत्रातच ठेवले होते. नांगर सुटल्यावर तो वाहत जाऊन एका निर्मनुष्य फलाटावर आदळला. तळाला भगदाड पडले, पाणी आत शिरले आणि संध्याकाळी तो बुडाला. जीवरक्षक तराफ्यांपैकी बरेचसे फाटलेले, भोके पडलेले होते, असे वाचलेल्यांनी सांगितले. लाइफ जॅकेट घालून, एकमेकांचे हात धरून माणसांनी पाण्यात उड्या टाकल्या.

मदतीची हाक आल्यावर आयएनएस कोची ही विनाशिका मुंबईहून त्याच वादळात निघाली. पाठोपाठ आयएनएस कोलकाता गेली. ग्रेटशिप अहल्या आणि ओशन एनर्जी ही तेलक्षेत्रातली सेवाजहाजेही मदतीला होती. दुसऱ्या दिवशी आणखी युद्धनौका, पी-८आय विमान आणि सी किंग हेलिकॉप्टरे शोधाला लागली.

हे काम किती अवघड असते ते किनाऱ्यावरून कळत नाही. इतक्या उंच लाटांत होडी खाली सोडली तर ती जहाजाच्याच कुशीवर आपटून फुटते. म्हणून जहाज वाऱ्याच्या अंगाला उभे करून माणसांकडे हळूहळू वाहू द्यायचे, म्हणजे आडोशाच्या बाजूला पाणी थोडे निवते. पण तेच हजारो टनांचे धूड लाटेवर उसळून माणसाच्या अंगावर येऊ शकते. मग कडेला दोरखंडाची जाळी सोडायची आणि लाट माणसाला वर उचलते त्या क्षणी त्याला पकडायचे. तासन्‌तास खारे पाणी गिळलेल्या माणसाच्या बोटांत दोर धरण्याची ताकद उरलेली नसते. अंधारात दिसतो तो जॅकेटवरचा चिमुकला दिवा, तोही लाटेआड जातो. रडार आणि विमाने जागा दाखवतात. शेवटचे चार हात मात्र माणसानेच ओढायचे असतात. १८६ हा आकडा असा एकेक करून झालेला आहे. १९ मे रोजी कोची १२५ जणांना घेऊन मुंबईला परतली.

त्याच वादळात गॅल कन्स्ट्रक्टर हा १३७ जणांचा बार्जही भरकटला आणि कुलाब्याच्या उत्तरेला पालघरच्या किनाऱ्यालगत रुतला. तटरक्षक दल आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी त्यावरच्या सगळ्यांना सुखरूप काढले. सपोर्ट स्टेशन-३ हा बार्ज आणि १०१ जण असलेले सागर भूषण हे ड्रिलिंग जहाज गुजरातच्या किनाऱ्याकडे वाहत गेले. तीही माणसे वाचली. वादळ एकच, पण गॅल कन्स्ट्रक्टर उथळ पाण्यात रुतून राहिला आणि पी-३०५ खोल पाण्यात फुटला. या फरकाने माणसे जगली किंवा गेली.

भारताच्या वाट्याला सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरचे शोध व बचाव क्षेत्र येते. त्याचे समन्वयन तटरक्षक दल करते. मुंबईत त्याचे एक केंद्र आहे आणि समुद्रातल्या संकटासाठी १५५४ हा क्रमांक आहे. ही यंत्रणा हाक आल्यावर धावते. तिच्या आधी जे ठरवायचे असते, म्हणजे काम कधी थांबवायचे, टग कधी जोडायचे, माणसे कधी उतरवायची, ते मालक, कंत्राटदार आणि बार्जच्या कप्तानाकडे असते. पी-३०५ च्या बाबतीत चूक तिथे झाली, बचावाच्या टप्प्यावर नव्हे, असे या घटनेकडे पाहताना दिसते. दुर्घटनेनंतर केंद्र सरकारने चौकशी समिती नेमली आणि मुंबईच्या यलो गेट पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला.

पुढे काही दिवस शोध सुरूच राहिला. आयएनएस मकर सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचा शोध घेणारे यंत्र) घेऊन आणि आयएनएस तरासा पाणबुडे घेऊन गेली, आणि बार्जचे अवशेष समुद्रतळाशी सापडले. काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्यावर, काही गुजरातेत वलसाडच्या किनाऱ्यावर लागले. अनेकांचे चेहरे ओळखू येण्याजोगे राहिले नव्हते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, दूरच्या गावांहून आलेले नातेवाईक मुंबईत जे. जे. रुग्णालयाबाहेर डीएनए चाचणीच्या निकालाची वाट पाहत होते.