पेंबा बेटावरील चेटक्यांचा संघ

पेंबा हे टांझानियाच्या झांझिबार द्वीपसमूहातले, उंगुजा या मुख्य बेटाच्या उत्तरेचे बेट. अरब त्याला ‘हिरवे बेट’ म्हणत. लवंगांइतकाच त्याचा लौकिक चेटूकविद्येसाठी आहे. स्वाहिलीत चेटक्याला ‘म्चावी’, अनेकांना ‘वाचावी’ आणि त्यांच्या विद्येला ‘उचावी’ म्हणतात. हे वाचावी एकेकटे नसून त्यांचा गुप्त संघ असतो, अशी इथली जुनी समजूत आहे.

लोककथांप्रमाणे संघात शिरायचे तर आपल्याच रक्ताचे माणूस, बहुधा पोटचे मूल, द्यावे लागते. परक्याचा बळी चालत नाही. संघाच्या साऱ्या वर्णनात भीतीचे मूळ इथेच दिसते, कारण ज्या घरावर विसंबायचे तेच घर इथे विकले जाते. पुढचे सगळे रीतीच्या उलटे आहे: रात्री नग्न होऊन नाचणे, थडगी उकरणे, प्रेत खाणे.

काहींचे दफन झाले तरी ते मेलेले नसतात. चेटक्यांनी त्यांना पळवून रात्री शेतात राबायला ठेवलेले असते, असेही मानतात. अशा माणसाला टांझानियात ‘म्सुकुले’ म्हणतात. ही कल्पना वाचताना पेंबाचा इतिहास विसरता येत नाही. 1872च्या वादळात उंगुजाच्या लवंगबागा उद्ध्वस्त झाल्या आणि पेंबा हे लवंगेचे मुख्य आगर बनले. त्या बागांत गुलाम राबत. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता 1897 मध्ये गेली. नाव, घर, नाते हिरावलेली आणि दुसऱ्यासाठी राबणारी माणसे या बेटाने प्रत्यक्ष पाहिली होती.

म्चावीची ‘म्गांगा’शी गल्लत करू नये. आपल्याकडे करणी करणारा आणि ती उतरवणारा देवऋषी यांत जो फरक, तोच इथे आहे. म्गांगा जिनांशी बोलतो, ‘हिरिझी’ म्हणजे ताईत देतो. केशराच्या शाईने बशीवर कुराणातल्या आयती लिहून, त्या धुऊन ते पाणी रोग्याला पाजण्याचा उपचारही रूढ आहे. त्याला ‘कोंबे’ म्हणतात. वसाहतकाळातल्या इंग्रज लेखकांनी मात्र दोघांना सर्रास एकाच पारड्यात घातले. दूर कॅरिबियनमधल्या हैतीहूनही मांत्रिक इथे शिकायला येतात, ही ऐकीव गोष्ट 1930च्या सुमारास एकाने लिहून ठेवली आणि पेंबाची कीर्ती जगभर झाली.

संघाबद्दलची माहिती जवळजवळ सगळी संशय घेणाऱ्यांकडून येते. असा संशय जिवावरही बेततो. 1995 मध्ये रमजानच्या दिवसांत पेंबात ‘पोपोबावा’ नावाच्या दुष्ट आत्म्याची दहशत पसरली आणि ती उंगुजाला पोचली. ‘पोपो’ म्हणजे वटवाघूळ, ‘बावा’ म्हणजे पंख. तो झोपलेल्यांवर हल्ला करतो, या भयाने कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर शेकोटीभोवती रात्री जागून काढू लागली. त्याच धामधुमीत झांझिबार शहरात उपचारासाठी आलेल्या एका मनोरुग्णाला पोपोबावा समजून जमावाने ठार केले.