'पेड न्यूज': एका नरम शब्दाची पार्श्वभूमी

पूर्वीचे पेपर खरे बोलत, आताचे विकले गेलेत, असे सर्रास ऐकू येते. पूर्वीचे पेपरही कुणाच्या ना कुणाच्या बाजूचे असत. फक्त ती बाजू वाचकाला ठाऊक असे. आणीबाणीत बातम्या कापल्या गेल्या तेव्हा कात्री कुणाच्या हातात आहे हे उघड होते. पाकिटेही होती, पण ती एखाद्या बातमीदाराच्या खिशात जात. नंतर हा व्यवहार थेट जाहिरात विभागात गेला आणि त्याचे दरपत्रक झाले.

२००३ च्या सुमारास मनोरंजनाच्या पानांवर पैसे घेऊन प्रसिद्धी देण्याची सोय एका मोठ्या समूहाने उघडपणे सुरू केली. मग कंपन्यांचे शेअर घ्यायचे आणि बदल्यात जाहिराती छापायच्या, असे करार आले. २००९ मध्ये लोकसभा आणि महाराष्ट्र विधानसभा, दोन्ही निवडणुकांत 'पॅकेज', म्हणजे ठरावीक पैशांत ठरावीक बातम्या, हा शब्द उमेदवारांच्या कार्यालयांत रुळला. त्या ऑक्टोबरात एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या तीन मराठी दैनिकांत एकच मजकूर काही दिवसांच्या अंतराने शब्दशः छापून आला. 'जाहिरात' हा शब्द कुठेच नव्हता. एका बड्या उमेदवारावर वृत्तपत्रांची ४७ पूर्ण पाने निघाल्याचे मोजले गेले. त्याच्या खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रांतील जाहिरातींपुढे ५,३७९ रुपये होते. पाने बातम्यांची होती, विकत घेतलेली नव्हती, असे त्याचे म्हणणे.

वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या वैधानिक संस्थेने मग दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला, वृत्तपत्रांच्या नावांसकट. संस्थेने तो तसाच प्रसिद्ध केला नाही. नावे गाळून छोटा अहवाल काढला आणि मूळ अहवाल 'संदर्भासाठी' दप्तरी ठेवला. तो लोकांसमोर यायला २०११ आणि माहिती अधिकाराचा आदेश लागला. वाचकाच्या विश्वासाला खरा तडा इथे गेला, असे मला ठामपणे वाटते. बातमी विकणारे विकणारच. पण ज्यांनी नावे सांगायची त्यांनीच ती झाकली.

उरली ती व्याख्या: रोख किंवा वस्तुरूपात किंमत घेऊन कोणत्याही माध्यमात दिलेली बातमी वा विश्लेषण म्हणजे 'पेड न्यूज'. ऐकायला स्वच्छ, सिद्ध करायला जवळजवळ अशक्य. पैसे रोखीत जातात, पावती नसते, आणि देणारा-घेणारा दोघेही गप्प. शिवाय शब्दच फसवा: पैसे दिलेली ती बातमी नव्हेच, ती जाहिरात, आणि खर्चात न दाखवलेली म्हणून लपवलेला निवडणूक खर्च.

कायदा याच शेवटच्या धाग्याला धरून चालतो. २०११ मध्ये उत्तर प्रदेशातील एका आमदाराला खर्च लपवल्याबद्दल तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले गेले. महाराष्ट्रातल्या त्या ४७ पानांच्या प्रकरणात, हिशेब खरा आहे का हे निवडणूक आयोग तपासू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये म्हटले. आयोगाने जुलैत उमेदवाराविरुद्ध निष्कर्ष काढला. सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मध्य प्रदेशातल्या एका मंत्र्याची २०१७ ची अपात्रताही पुढच्या वर्षी रद्द झाली.

पेड न्यूज हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०१५ मध्ये केली. जिल्ह्याजिल्ह्यांत देखरेख समित्या बसतात, निवडणुकीत नोटिसा निघतात, आणि उमेदवार उत्तर देतो: बातमी पेपरने स्वतःहून छापली.