चिकनगुनियानंतरची सांधेदुखी

चिकनगुनियाचा ताप चार-पाच दिवसांत उतरतो पण बोटं, मनगटं, घोटे, गुडघे धरलेलेच राहतात, कधी काही आठवडे तर कधी वर्षभर, ही चिकनगुनियानंतरची सांधेदुखी. तीन महिन्यांच्या पुढे गेली की डॉक्टर तिला जुनाट म्हणतात. सोलापुरात एवढं लांब नाव कोण घेतंय, "चिकनगुनिया झालता, तवापासून हात धरलेत" म्हटलं की समोरच्याला कळतं. (नावाचा चिकनशी काही संबंध नाही, टांझानियातल्या माकोंडे भाषेतला शब्द आहे, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा', १९५२-५३ च्या तिथल्या साथीत हा आजार ओळखला गेला. त्यामुळे कोंबडी सोडून काही होत नाही.)

या रोगाच्या इतिहासात सोलापूर जिल्हा आहे बरं का. भारतातली पहिली नोंदलेली साथ १९६३ ची, कलकत्त्यात, आणि पुढे १९७३ ला आपल्या बार्शीत, तिथे ३७.५ टक्के लोक आजारी पडले असं पाहणीत निघालं. मग तीस-बत्तीस वर्षं जवळपास शांतता, आणि २००५ च्या शेवटी परत आला तो विषाणूचा वेगळा, आफ्रिकी प्रकार होता. २००६ मध्ये देशभरात १३ लाखांच्या वर संशयित पेशंट नोंदले गेले.

आता हे दुखतं कशामुळे? लोकांना वाटतं विषाणू हाडात शिरून बसतो, तसं नाही. डास चावला की विषाणू आधी कातडीतल्या पेशींत वाढतो आणि रक्तात येतो. त्याचं एनएसपी-२ नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाऊन पेशीची स्वतःची जनुकं वाचायचं कामच बंद पाडतं, म्हणजे शेजारच्या पेशींना सावध करणारं इंटरफेरॉन बनवायलाही अडथळा. याच दिवसांत रक्त तपासलं तर लिम्फोसाइट (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी झालेले दिसतात. तरी शरीर बहुतेक वेळा आठवड्याभरात रक्त साफ करतं. खरा घोळ मॅक्रोफेजमध्ये आहे. या पेशींचं काम जंतू गिळून संपवायचं, पण चिकनगुनियाचा विषाणू त्यांच्यातच मुक्काम करू शकतो, कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात तसं. माकडांवरच्या प्रयोगात रक्त साफ झाल्यावरही कित्येक आठवडे तो मॅक्रोफेजमध्ये सापडला, आणि हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या एका पेशंटच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षानंतरही त्याचे अंश होते. काही पेशंटच्या सांध्यातल्या पाण्यात मात्र विषाणू मिळतच नाही, आणि सूज तर असते!

कारण एकदा बोलावणं गेलं की गर्दी जमत जाते. मॅक्रोफेज एमसीपी-१ नावाचा रेणू सोडतात, त्याच्यामागे रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी सांध्यात येतात, त्या तिथे मॅक्रोफेज होतात आणि परत तेच, वर सूज वाढवणारं इंटरल्यूकिन-६ वाढतं, हाड झिजवणाऱ्या पेशींनाही जोर चढतो. उंदरांमध्ये सीडी-४ टी पेशी (शरीराच्या बचावातल्याच पांढऱ्या पेशी) नसल्या तर विषाणू असूनही सांधे फारसे सुजत नाहीत, यावरून सूज ही बरीचशी आपल्याच बचाव पेशींची करणी आहे हे समजावं.

सोलापुरात हे लै जड जातं ते बोटांमुळे. हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, सगळं बोटांच्या पेरांवर, आणि मजुरी हजार विड्यांमागे. सकाळी मूठच वळत नसेल तर हजार कुठून होणार? यंत्रमागावर तुटलेला धागा गाठणाऱ्याचंही तेच. आणि डास कुठून येतो तर पिण्याच्या पाण्यातूनच, कारण नळाला काही दिवसांआड पाणी म्हटल्यावर घरात बॅरल, हौद, पिंप भरून ठेवावंच लागतं, लोकांना नुसतं 'पाणी साठवू नका' सांगणं म्हणजे चेष्टा आहे. हा रोग पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटवतो, ती सुकी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून बॅरल नुसतं ओतून चालत नाही, आतून घासायला लागतं, नंतर फडकं बांधून झाकायचं.

तपासणी म्हणाल तर पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर (विषाणूच शोधणारी), त्यानंतर आयजीएम एलायझा (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी). विषाणूवर औषध नाही. सुरुवातीला पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या नकोत, रक्तस्रावाची भीती असते. पुढे सूज राहिलीच तर सूज कमी करणाऱ्या गोळ्या, हलका व्यायाम, आणि काहींना संधिवाताच्या डॉक्टरांकडे मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषधसुद्धा लागतं, कारण चित्र संधिवातासारखंच दिसतं आणि दोन्हींत घोळ होतो. साथ बहुतेक पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ येते, त्यामुळे सप्टेंबरात ताप आलेला माणूस जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला निघताना अजून जिन्याचा कठडा धरूनच उतरत असेल तर तो हिशोबाने जुनाट पेशंट झालेला असतो.