कॅमेऱ्याला दिसावं म्हणून

फिलिपिन्समधल्या मालापास्कुआ बेटाजवळ दिवस मावळायला आला की प्रवाळांच्या फटींतून मँडरिन मासे बाहेर डोकावतात. बोटाएवढा जीव, निळ्या अंगावर नारिंगी नक्षी. नर-मादी एकमेकांना बिलगून जेमतेम मीटरभर वर चढतात, अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात आणि लगेच खाली पसार होतात. सगळा खेळ काही सेकंदांचा. फोटोग्राफर श्वास रोखून वाट पाहतात असं लिहिणार होतो, पण स्कुबात श्वास रोखायचा नसतो!

अडचण असते अंधाराची. ऑटोफोकसला कडा लागतात, उजेड आणि सावली यांतला फरक लागतो. काळोखात लेन्स नुसती पुढेमागे घरघरत राहते. स्ट्रोबचा, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशदिव्याचा, झगझगीत फ्लॅश उडतो तो फोकस झाल्यावर, तोही साधारण एक हजारांश सेकंदापुरता. त्याआधी कॅमेऱ्याला मासा दिसावा एवढ्यासाठी लागतो तो फोकस लाइट.

म्हणजे हा दिवा फोटो उजळण्यासाठी नसतो. मॅक्रो, म्हणजे छोट्या जिवाच्या अगदी जवळून काढलेल्या, फोटोत लेन्सचं छिद्र बारीक (एफ 16), शटर वेगवान (1/200 सेकंद) आणि कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता कमी (आयएसओ 100) ठेवली, तर त्याचा उजेड चित्रात जवळजवळ उमटतच नाही. तरी दुकानात सगळ्यांची नजर आधी ल्युमेनच्या, म्हणजे दिव्याचा उजेड मोजायच्या एककाच्या, आकड्यावर जाते. जवळच्या छोट्या जिवांसाठी 500 ते 1000 ल्युमेन पुरतात. त्यापेक्षा झोत रुंद आणि सर्वत्र सारखा आहे का, मध्येच पांढरा डाग पडतो का, उजेड कमी-जास्त करता येतो का, हे बघावं. छिद्र मोठं किंवा शटर मंद ठेवणार असाल तर मात्र हा उजेड फोटोत शिरतो. फ्लॅश उडताना आपोआप विझणारे दिवे त्यासाठीच असतात.

आता रंग. पांढरा झोत पडला की मँडरिन फटीत घुसतो. सूर्यप्रकाशातला लाल रंग पाणी पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं, आणि प्रवाळातल्या बऱ्याच माशांच्या डोळ्यांना तो फारसा जाणवत नाही. म्हणून लाल दिवा. पण लाल झोत लांबवर पोचत नाही, आणि ऑटोफोकसही त्यात पांढऱ्या उजेडाइतका चपळ नसतो. दोन्ही रंग असलेला दिवा घ्यावा तो याचसाठी.

जागेचा प्रश्न याहून नाजूक. दिवा लेन्सला चिकटून सरळ समोर रोखला, तर मधल्या पाण्यातले कण उजळून कॅमेऱ्याच्याच डोळ्यांत येतात. धुक्यात घाट चढताना हाय बीम लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तोच प्रकार. मालवण-तारकर्लीच्या गाळ आणि प्लवकांनी भरलेल्या पाण्यात तर ऑटोफोकस माशाऐवजी या कणांवरच अडकू शकतो. म्हणून दिवा हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या, माथ्यावर, बॉल-जॉइंटच्या छोट्या दांड्यावर बसवून खाली झुकवतात. झोत आणि लेन्सची नजर नेमकी माशाच्या अंतरावर एकमेकांना मिळाली पाहिजे. कण राहतातच, पण लेन्सपुढच्या पट्ट्यातले बरेचसे अंधारात राहतात.

इथेच नवखे फसतात. मॅक्रोचा पोर्ट, म्हणजे पेटीचा लेन्सपुढचा काचेचा भाग, लांब असतो आणि मासा त्याच्या काचेपासून काही इंचांवर. दिवा मागे राहिला तर पोर्टचीच सावली माशावर पडते आणि कितीही ल्युमेन असले तरी वाया जातात. दांडा पुढे सरकवून दिवा पोर्टच्या ओठाच्या वर आणावा लागतो. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो, शिवाय मधलं पाणी कमी झाल्याने लाल रंगही कमी गळतो.

एक बारीकशी गोष्ट राहिली. काही दिव्यांत एकच बटण असतं आणि पहिल्या दाबाला पांढरा उजेड लागतो. संध्याकाळच्या डाइव्हला तो आधी तळहाताने झाकून लाल करून घ्यावा. नाहीतर जोडी वर चढायच्या नेमक्या क्षणी तुमच्या एका दाबाने शेजारच्या चौघांचीही संध्याकाळ जाते.