कचऱ्याच्या वायूवर चालणारं विद्यापीठ

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठाला वीज आणि थंडीतली ऊब पुरवणारं इंधन २००९पासून मुख्यतः रोचेस्टरजवळच्या 'टर्नकी' या कचराभूमीतून येतं. तिथला वायू शुद्ध करून सुमारे २० किलोमीटर लांबीच्या भूमिगत नळातून डरहॅम इथल्या विद्यापीठाच्या आवारात पोचवला जातो. खर्च आला ४ कोटी ९० लाख डॉलर. ऊर्जेची ८५ टक्क्यांपर्यंत गरज यातून भागावी, असं गणित मांडलं होतं.

अशा प्रकल्पात सगळ्यांचं लक्ष टर्बाइनकडे जातं. खरं कसब मात्र जमिनीखाली लागतं.

कचरा दाबून मातीखाली गाडला की आतला ऑक्सिजन लवकर संपतो. मग हवेविना जगणारे सूक्ष्मजीव अन्न, कागद, लाकूड कुजवू लागतात आणि काही महिन्यांनी मिथेन तयार होऊ लागतो. बाहेर येणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर मिथेन वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा अठ्ठावीसएक पट तापमानवाढ करतो. त्यामुळे वीज झाली नाही तरी तो नुसता जाळून टाकणंही फायद्याचंच.

हा वायू गोळा करायला कचऱ्यात ६० ते ९० सेंटिमीटर व्यासाच्या विहिरी खोदतात. त्यात प्लास्टिकचा नळ उभा करतात. त्याच्या खालच्या भागाला भोकं असतात आणि भोवती खडी भरलेली असते. वर बेंटोनाइट मातीचं बूच असतं, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. सगळ्या विहिरी एका मुख्य नळाला जोडतात आणि ब्लोअर, म्हणजे ओढणारा मोठा पंखा, तिथून वायू ओढतो. प्रत्येक विहिरीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह असतो आणि सारा खेळ त्या व्हॉल्व्हचा असतो. कमी ओढलं तर मिथेन मातीतून निसटतो. जास्त ओढलं तर भेगांमधून हवा आत येते, ऑक्सिजनने मिथेन करणारे जीव मरतात आणि कचरा आतल्या आत तापू लागतो. विहिरीतलं तापमान ५५ अंशांच्या वर चढू लागलं किंवा वायूत नायट्रोजन वाढला, की व्हॉल्व्ह थोडा बंद करायचा. कार्बन मोनॉक्साइड दिसू लागला तर आत आग धुमसत असण्याची शक्यता धरायची. ती विझवणं फार कठीण असतं. म्हणून दर विहिरीची मोजणी नियमित करावी लागते, निदान महिन्यातून एकदा.

दुसरा त्रास पाण्याचा. वायू बाष्पाने भरलेला असतो. नळात गार होताच पाणी सुटतं. नळाला उतार दिलेला असतो, पण खालचा कचरा कुजून खचतो, नळात पोट पडतं, तिथे पाणी साचतं आणि पलीकडच्या सगळ्या विहिरी बंद पडल्यासारख्या होतात. कडक हिवाळ्यात हेच पाणी गोठू शकतं.

मग शुद्धीकरण. हायड्रोजन सल्फाइड धातू कुरतडतो. जिप्समचे फुटके बोर्ड पुरलेल्या ठिकाणी तो विशेष असतो. सिलोक्सेन हे सिलिकॉन असलेलं संयुग येतं शांपू आणि सौंदर्यप्रसाधनांतून. ते जळलं की सिलिका बनते आणि टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखा थर बसतो. सक्रिय कोळशाच्या थरातून वायू नेऊन ते अडवतात. कोळसा भरला की बदलायचा. इथे चालढकल केली की दुरुस्तीचं बिल मोठं येतं.

एक घनमीटर कचरावायूत सुमारे ५ युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते. टर्बाइन त्यातून जेमतेम दीड युनिट वीज काढतं. म्हणजे १ मेगावॉटसाठी तासाला साडेसहाशे-सातशे घनमीटर वायू हवा. उरलेली उष्णता वाऱ्यावर सोडली तर नुकसानच. विद्यापीठ उत्तम गिऱ्हाईक ठरतं ते याचमुळे: वसतिगृहं, प्रयोगशाळा, वर्ग जवळजवळ असतात आणि थंड हवेत त्यांना वाफ, गरम पाणी सतत लागतं. न्यू हॅम्पशायरमध्ये वीज व उष्णता एकत्र देणारं केंद्र २००६मध्येच उभं होतं. कचरावायूला तयार घर मिळालं.

पैशाचा मार्गही लक्षात घेण्याजोगा आहे. वीज नवीकरणीय स्रोतातून झाली याची ग्वाही देणारी प्रमाणपत्रं विकून विद्यापीठाने खर्च भरून काढायचं ठरवलं. पण प्रमाणपत्र विकलं की त्या विजेचं 'हरित' श्रेय ते विकत घेणाऱ्याकडे जातं. विकणाऱ्याने तेच पुन्हा स्वतःच्या खात्यात मांडायचं नसतं.

मुंबईत गोराईची कचराभूमी बंद करून झाकली, तेव्हा तिथेही विहिरी घालून वायू जाळण्याची सोय झाली. आपल्याकडच्या कचऱ्यात ओलं अन्न जास्त असतं. ते झपाट्याने कुजतं, त्यामुळे भूमी बंद होईपर्यंत थांबलं तर बराचसा मिथेन आधीच उडून गेलेला असतो. इथे विहिरी भराव चालू असतानाच, थर चढतील तशा जोडत न्याव्या लागतात.