नायिकेच्या प्रवासाचा नकाशा आला कुठून?

गोष्ट कशी लिहावी हे शिकायला गेलं की 'हिरोज जर्नी' हा शब्द कानावर पडतोच. घर सोडायचं, संकटं झेलायची, राक्षस मारायचा आणि काहीतरी मिळवून परत यायचं. हा साचा अमेरिकन पुराणकथा-अभ्यासक जोसेफ कॅम्पबेलने १९४९ मध्ये एका पुस्तकात मांडला, जगभरच्या पुराणकथा एकमेकींशेजारी ठेवून, आणि त्याच्यामागे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची आर्किटाइपची कल्पना होती, म्हणजे सगळ्या माणसांच्या मनात खोल बसलेल्या आदिम प्रतिमा. कॅम्पबेलचे टप्पे १७. त्यात बाई कुठे येते, तर एका टप्प्यावर देवी म्हणून आणि लगेच पुढच्या टप्प्यावर मोहात पाडणारी म्हणून!

मॉरीन मर्डॉक ही अमेरिकन थेरपिस्ट त्याची विद्यार्थिनी. तिच्याकडे येणाऱ्या बायका करिअरमध्ये सगळं मिळवून आतून कोरड्या झालेल्या असायच्या, म्हणून १९८१ मध्ये तिने कॅम्पबेललाच विचारलं की बाईच्या प्रवासाचं काय, तर तो म्हणाला बाईला प्रवासाची गरजच नाही, सगळे जिथे पोचायला धडपडतात ती जागा म्हणजेच ती. मला हे उत्तर वाचून अजूनही वाईट वाटतं. मर्डॉकलाही पटलं नाही आणि १९९० मध्ये तिचं 'द हिरोईन्स जर्नी' आलं. त्यात यश मध्येच मिळून जातं आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, खाली उतरण्याची.

हे खाली उतरणं तिने सुमेरच्या, म्हणजे प्राचीन इराकमधल्या, इनाना देवीकडून घेतलं. इनाना कॅम्पबेलच्या पुस्तकातही आहे, पण अनेक उदाहरणांपैकी एक म्हणून. ही देवी बहिणीच्या, एरेश्किगलच्या, पाताळात जाते, वाटेत सात दरवाजे, प्रत्येक दरवाज्यात अंगावरचं एकेक काढून घेतात, आधी मुकुट, मग गळ्यातले निळे मणी, शेवटी वस्त्र. तिला मारून प्रेत खुंटीला टांगतात. आणि सुटका कशी होते बघा, तलवार नाही की लढाई नाही. एन्की देव नखातल्या मळातून दोन जीव घडवतो, ते जाऊन वेदनेनं तळमळणाऱ्या एरेश्किगलजवळ बसतात आणि ती कण्हली की तिच्याबरोबर कण्हतात. ती विरघळते, बक्षीस माग म्हणते, ते खुंटीवरचं प्रेत मागतात.

आपल्याकडे सावित्री आहेच की, महाभारताच्या वनपर्वातली. वटपौर्णिमेच्या दोऱ्यात आपण तिला फार लहान करून टाकलंय. ही मुलगी रथ घेऊन स्वतः नवरा शोधायला निघालेली. यम परत जा म्हणतो आणि ती चालत, बोलत राहते, एकेक वर मागते, सासऱ्याचे डोळे, मग राज्य, मग वडिलांना शंभर मुलगे, मग सत्यवानापासून स्वतःला शंभर. यम हो म्हणून बसतो, आणि मग सत्यवानाला सोडल्याशिवाय त्याला गत्यंतरच उरत नाही.