आडवा जन्मलेला स्तंभ

शाळेत स्तंभालेख शिकवताना तीन गोष्टी घोटून घेतात. स्तंभांची रुंदी सारखी हवी, दोन स्तंभांमधलं अंतर सारखं हवं आणि वर कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं हवं. आलेख कागदावर एवढं जमलं की गुण मिळतात. पण रुंदी सारखीच का, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यामागे बरीच जुनी गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात नाइलाजाने झाली.

विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश गृहस्थ तरुणपणी बर्मिंगहॅमला जेम्स वॉटकडे (हो, वाफेच्या इंजिनाचाच वॉट) आराखडे काढायच्या कामावर होता. १७८६ साली त्याने लंडनमध्ये व्यापारी आकड्यांचा एक ‘अ‍ॅटलास’ काढला. नाव अ‍ॅटलास, पण आत आलेख. एकूण ४४, आणि त्यांतले ४३ काळानुसार चढउतार दाखवणारे. अडलं ते स्कॉटलंडपाशी. तिथले आकडे हाती होते एकाच वर्षाचे, १७८० च्या नाताळपासून १७८१ च्या नाताळपर्यंतचे. एका वर्षाचा चढउतार दाखवणार कसा?

मग त्याने स्कॉटलंडचा व्यापार ज्यांच्याशी होता त्या सतरा देश-प्रदेशांची नावं एकाखाली एक मांडली आणि प्रत्येकाच्या ओळीत दोन आडव्या पट्ट्या ओढल्या. काळी पट्टी निर्यातीची, रेघारेघांची आयातीची. उभ्या रेघांमधलं प्रत्येक घर दहा हजार पौंडांचं. जर्सी, आइसलँड यांच्या पट्ट्या दिसतील न दिसतील एवढ्याच. आयर्लंडची मात्र सगळ्यांना मागे टाकून लांबवर गेलेली. जगातला पहिला स्तंभालेख म्हणून आज ही आकृती दाखवतात. प्लेफेअर मात्र तिच्यावर फारसा खूश नव्हता. हिच्यात काळ नाही, त्यामुळे बाकीच्यांच्या मानाने ही पुष्कळच कमी उपयोगाची, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं.

लांबीने काही दाखवायची कल्पना अगदीच नवी नव्हती. जोसेफ प्रीस्टली या इंग्लिश शास्त्रज्ञाने १७६५ मध्ये थोरामोठ्यांची आयुष्यं आडव्या रेघांनी मांडली होती: जन्माच्या सालापासून मृत्यूच्या सालापर्यंत एक रेघ. पण तिथे लांबी म्हणजे वर्षंच होती. लांबी म्हणजे पौंड, ही उडी प्लेफेअरची.

पुढच्या शतकात पट्ट्या सरकारी अहवालांत आणि जनगणनेत रुळल्या. मला त्यातला एक प्रयोग फार आवडतो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या कृष्णवर्णीयांच्या स्थितीचे हाताने रंगवलेले तक्ते नेले होते. एका तक्त्यात शहरातली आणि खेड्यातली लोकसंख्या शेजारी दाखवायची होती. खेड्यातला आकडा सात लाखांच्या पुढे, म्हणजे पट्टी कागदाबाहेरच जाणार. त्यांनी ती मधेच तोडली नाही, लाल रंगात चकलीसारखी गुंडाळली. मोजमापाच्या दृष्टीने चूकच, कारण वळलेली लांबी डोळ्याला नीट कळत नाही. पण ‘बहुतेक सगळे खेड्यात आहेत’ हे त्या चकलीइतकं ठसठशीत दुसऱ्या कशाने सांगितलं असतं, मला सुचत नाही.

डोळ्याला काय कळतं, याची तपासणी नंतर झाली. १९३२ मध्ये क्रॉक्स्टन आणि स्टाइन या संशोधकांनी तेच आकडे पट्ट्या, चौरस, वर्तुळं आणि घन अशा रूपांत लोकांना दाखवले. पट्ट्यांचा अंदाज सर्वांत अचूक आला, घनांचा सर्वांत वाईट. १९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी हे आणखी बारकाईने मांडलं: एकाच मोजपट्टीवरची टोकं ताडून बघणं डोळ्याला सोपं, नुसती लांबी किंवा कोन त्याहून अवघड, क्षेत्रफळ आणखी अवघड. रुंदी सारखी ठेवायची ती यासाठी. पट्टी दुप्पट उंच करताना दुप्पट रुंदही केली की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि बघणारा दुपटीऐवजी भलतंच काही समजून बसतो.

स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू करायचा, हा नियमही यातूनच निघतो. समजा एका शाळेचा निकाल ९५ टक्के आणि दुसरीचा १००. अक्ष शून्यापासून काढला तर दोन्ही पट्ट्या जवळपास सारख्या दिसतात, आणि त्या सारख्याच आहेत. तोच अक्ष ९० पासून सुरू करा: एक पट्टी ५ ची उरते, दुसरी १० ची. दुसरी शाळा दुप्पट हुशार! आकडा एकही खोटा नाही. रेषालेखाला हे बंधन एवढं कडक नाही, कारण तिथे आपण चढ बघतो, लांबी नव्हे.

संगणक आल्यावर मात्र घन पुन्हा अवतरले. एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये बटण दाबलं की पट्टीचा खांब होतो, खांबाला सावली पडते, आणि खांबाच्या पुढच्या कडेवर वाचायचं की मागच्या, हेच समजेनासं होतं. १९३२ साली जे हरलं होतं ते दिसायला देखणं म्हणून परत आलं.

आणि ‘स्तंभालेख’ हा आपला शब्द. त्यातला स्तंभ उभाच डोळ्यांपुढे येतो, म्हणून आपण सगळं उभं काढतो. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचा आलेख उभा काढून बघा. खाली सिंधुदुर्ग, छत्रपती संभाजीनगर ही नावं मावत नाहीत, मग ती तिरकी होतात, उकार शेजारच्या वेलांटीत घुसतात आणि वाचणारा मान वाकडी करतो. तोच आलेख आडवा केला, मोठ्या आकड्यापासून लहानाकडे लावला, की डावीकडे नावं सरळ ओळीत बसतात. प्लेफेअरने पट्ट्या आडव्याच काढल्या होत्या.